तेरवीचे पाहुणे

कारखाना चालू असतो तोवर त्याच्या फाटकापुढे एकही क्युरेटर उभा दिसत नाही. पाळी सुटते, सायकली आणि फटफट्या बाहेर पडतात, टपरीवर चहा उकळतो, ठेकेदाराच्या मुकादमाशी हजेरीवरून रोजचं भांडण होतं. यात कुणाला सौंदर्य दिसत नाही. मग एके दिवशी भोंगा थांबतो. यंत्रं वजनावर भंगारात जातात, काचा फुटतात, भिंतीतून पिंपळ डोकं काढतो. त्या पिंपळाच्या मागोमाग ही मंडळी येतात. माना वर करून छताकडे बघतात आणि ‘जागेची स्मृती’, ‘अवकाशाशी संवाद’, ‘अनुपस्थितीचं सौंदर्य’ असं काहीबाही बोलू लागतात. कामगार हजर होता तेव्हा तो यांना दिसला नाही. तो गेल्यावर त्याची अनुपस्थिती मात्र पहिल्याच भेटीत दिसली! आजाऱ्याची विचारपूस करायला कधी आले नाहीत आणि तेरवीच्या पंगतीत पहिल्या पानावर बसले, असे हे पाहुणे.

मी कशाबद्दल बोलतोय ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. बंद गिरण्या, बंद वीजघरं, बंद साखर कारखाने, आणि त्यांच्या पोटात उभी केलेली अवाढव्य मांडणशिल्पं. गेली पंचवीस वर्षं जगभर हा धंदा तेजीत आहे, आणि त्याला कच्चा माल कधी कमी पडत नाही. कारखाने बंद पडतच असतात.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचा. हे गाव कारखान्यावर जगतं. १९४५ साली थापरांनी ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ काढली. पलीकडे गोंड राजांचा किल्ला, खाली वर्धा नदी, पोटात कोळसा आणि दाराशी रेल्वेचं जंक्शन. कामाच्या मागे तेलुगू आले, बंगाली आले, छत्तीसगढी आले, बिहारी आले, आणि लोक गावाला ‘मिनी इंडिया’ म्हणू लागले. शाळेच्या वहीपासून कचेरीतल्या बाँड पेपरपर्यंत इथला कागद तुमच्या हातून कधी ना कधी गेलेला आहे. मिलचा उग्र वास गावात शिरला की बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावतो, आम्ही त्यावरून वाऱ्याची दिशा सांगतो. २०२० मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. इथली मिल मात्र दुसऱ्या कंपनीच्या नावाखाली अजून चालू आहे. चालू आहे म्हणूनच आमच्याकडे अजून कुणी कलावंत छताला काही टांगायला आलेला नाही. पण गडचिरोली जिल्ह्यातली आष्टीची पेपर मिल बंद पडली. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातले १९८० च्या दशकात सुरू झालेले २१० मेगावॉटचे पहिले दोन संचही बंद झाले. जागा तयार होत आहेत. म्हणून पानं मांडायच्या आधीच बोलतो.

या साऱ्याचं मूळपीठ लंडनचं टेट मॉडर्न. टेम्सच्या काठावरचं बँकसाइड वीजघर १९८१ मध्ये बंद पडलं आणि मे २००० मध्ये कलासंग्रहालय म्हणून उघडलं. टर्बाइनं काढली, त्यांची खोली ठेवली: सुमारे दीडशे मीटर लांब, पस्तीस मीटर उंच. पहिल्याच वर्षी तिथे लुईज बुर्ज्वा यांचा पोलादी कोळी उभा राहिला. मग दरवर्षी नवं काहीतरी. २००६ मध्ये कार्स्टन हॉलर यांनी पाच घसरगुंड्या बसवल्या आणि शहाणीसुरती माणसं त्यावरून घसरली. घसरू देत, माझी हरकत नाही. घसरगुंडीला निदान आपण घसरगुंडी आहोत हे माहीत असतं.

२००३ मध्ये ओलाफुर एलियासन यांनी त्याच हॉलच्या टोकाला दिव्यांचं अर्धवर्तुळ लावलं, छताला आरसे लावले. अर्ध्याचा पूर्ण सूर्य झाला. हवेत धुकं सोडलं. पाच-सहा महिन्यांत वीसेक लाख माणसं आली, फरशीवर उताणी पडली आणि छतातल्या आरशात स्वतःला शोधत राहिली. वीज करायचं थांबलेल्या वीजघरात वीज जाळून केलेला सूर्य! चंद्रपूरच्या माणसाने यावर हसू नये तर काय करावं? आमच्या ऊर्जानगरात २,९२० मेगावॉटचं वीजघर रात्रंदिवस धगधगतंय आणि मे महिन्यात डोक्यावरचा सूर्य पारा ४७ अंशांच्या पलीकडे नेतो. इथे कुणी हौसेने फरशीवर पडत नाही. पडलाच तर त्याला उचलून उष्माघाताच्या खाटेवर नेतात.

ते काम सुंदर होतं, हे मला मान्य आहे. छायाचित्रांतूनही त्याची जादू कळते. माझं भांडण त्याच्याभोवती उभ्या केलेल्या प्रवचनाशी आहे. अशा प्रदर्शनांच्या पाट्यांवर सांगितलं जातं की इमारतीचा औद्योगिक भूतकाळ इथे पुन्हा जिवंत झाला. कुठे झाला? बँकसाइडच्या बॉयलरपुढे उभा राहून घाम गाळणारा माणूस त्या सूर्याखाली कुठे होता? धुकं होतं, आरसे होते, प्रेक्षक होते, आणि प्रेक्षकांची स्वतःची लहान लहान प्रतिबिंबं होती. भूतकाळाला तिकडे जागाच नव्हती.

आता ही भव्यता मुळात कुणाची, हे विचारू या. टर्बाइन हॉल पस्तीस मीटर उंच आहे तो कुणाला आध्यात्मिक अनुभव यावा म्हणून नव्हे. जनित्रं उचलायला क्रेन हवी, क्रेनला उंची हवी, म्हणून तो उंच. लांब आहे तो यंत्रांच्या रांगेमुळे. तिथला प्रत्येक मीटर कामाने ठरवलेला आहे. नंतर येणाऱ्या कलावंताला तो दिमाख आयता मिळतो आणि अर्धी लढाई त्याने न लढताच जिंकलेली असते. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी २००२ मध्ये त्या हॉलभर तीन पोलादी कड्यांवर गडद लाल पडदा ताणला. दोन्ही टोकांना कर्ण्यासारखा फाकलेला, प्रचंड. भोंगा बंद पडलेल्या इमारतीत भोंग्याच्या आकाराचं शिल्प, आणि आवाज शून्य. त्या कामापुढे लोक स्तब्ध झाले म्हणतात. हाच पडदा आमच्या बल्लारपूरच्या बसस्थानकावर ताणा. लोक थांबतील, वर बघतील आणि विचारतील, ‘‘मंडप कुणाच्या घरचा आहे, भाऊ?’’

मोठ्या आकाराचा मला राग नाही. कागदाचं यंत्र स्वतःच शे-दीडशे मीटर लांब असू शकतं. एका टोकाला पाण्यात कालवलेला लगदा जाळीवर पडतो, पाणी झिरपतं, लाटण्यांसारखे रोलर तो दाबतात, वाफेने तापलेले सिलिंडर त्याला सुकवतात आणि दुसऱ्या टोकाला कोरड्या कागदाचं रीळ गुंडाळलं जातं. मधे कागद तुटला की माणसं धावतात. त्या लांबीला कारण आहे. लगद्यातून पाणी काढायला तेवढं अंतर लागतं, म्हणून ते तेवढं आहे. आता सांगा, छतापासून लोंबणाऱ्या चाळीस फुटी कापडाला चाळीसच फूट का लागतात? हॉल चाळीस फूट उंच आहे म्हणून. याला मी कल्पनाशक्ती म्हणणार नाही, मापं घेणं म्हणेन.

आणि आता धुळीची गोष्ट. ही मात्र सावकाश सांगायची आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये चिनी कलावंत आय वेवे यांनी टर्बाइन हॉलच्या जमिनीवर चिनीमातीच्या सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. किती? दहा कोटी. जिंगदेझेन हे चिनीमातीच्या कामाचं जुनं गाव. तिथल्या सुमारे १,६०० कारागिरांनी या बिया हातांनी घडवल्या, हातांनी रंगवल्या. कल्पना अशी की प्रेक्षकांनी त्यावरून चालावं, लोळावं, मुठीत घ्याव्यात. पहिल्या दोन-तीन दिवसांत लोक चालले. चालल्यावर बिया घासल्या, घासल्यावर धूळ उठली, आणि संग्रहालयाच्या ध्यानात आलं की चिनीमातीची धूळ श्वासाला बरी नव्हे. लगेच दोर लागले. प्रेक्षकांनी लांबून बघायचं ठरलं.

निर्णय योग्यच होता. धूळ वाईटच असते. पण बघा, त्या एका निर्णयाने सगळा बनाव उघडा पाडला. कलाप्रेमी माणसाच्या फुप्फुसाची काळजी करायला दोन-तीन दिवस पुरले. आणि ज्या १,६०० जणांनी त्या बिया हाताळल्या त्यांच्या छातीत काय गेलं, हा प्रश्न कुठल्या दोरीवर टांगला होता? कलावंताला कारागिरांचा आदर होता, त्याने त्यांचं काम चित्रफितीत दाखवलंही. पण संग्रहालयाची तत्परता तिकडच्या पाहुण्यांपुरती होती.

आमच्याकडे या. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि मग आम्ही. कोळशाची भुकटी, वीजघराची राख, सिमेंटची पूड, धावत्या ट्रकांचा धुरळा. अंगणात वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा होतो. इथे दोर कुणी लावला? आमच्याच जिल्ह्याभोवती दोर लावून ‘कृपया लांबून बघा’ असं लिहायला हवं होतं.

मुंबईकडे वळू. आपल्या मुलखातली मोठी पंगत तिथेच बसलेली आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमावलीने सांगितलं की मालकाने जमीन विकासाला काढली तर तिचे वाटे व्हावेत: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये हा नियम हळूच बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, इमारतींखालची सोडून. वाट्याला येणारी जमीन आटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बदलावर शिक्कामोर्तब केलं. पुढे मॉल झाले, टॉवर झाले, बोलिंग अ‍ॅली झाल्या, दारूचे बार झाले. फिनिक्स मिलची चिमणी तेवढी उभी राहिली, पाहुण्यांना ‘वारसा’ दाखवायला.

घरासाठी अर्ज करणारे गिरणी कामगार आणि वारस पावणेदोन लाखांच्या घरात. सोडतीतून घरं मिळाली ती वीस हजारांच्या आत. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी दाखवतात. परळच्या चाळीत जन्म गेलेल्या म्हाताऱ्याला कर्जतच्या गाडीत बसवतात. आणि काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनमध्ये वस्त्रोद्योग संग्रहालय होणार, त्याचं भूमिपूजन २०१९ मध्ये झालं. त्या आराखड्यात सगळ्यात आधी काय? तळं, रंगीत कारंजं, भित्तिशिल्पं. कामगारांना घर हवंय आणि त्यांच्या नावाने पाणी नाचवायचं आहे. संग्रहालय व्हायलाच हवं, मी त्याच्या बाजूचा आहे. मागाचा आवाज कसा असतो, साचा कसा चालतो, बदली कामगार फाटकावर कसा ताटकळतो, हे नातवंडांना कळायला हवं. पण सुरुवात कारंज्यापासून करणाऱ्याला मागाविषयी काही सांगायचं नाही, एवढं मी पैज लावून सांगतो.

सॅसून डॉकचं प्रकरण जरा वेगळं. १८७५ चा हा धक्का. तिथे आजही मासळी उतरते, बायका ओल्या फरशीवर बसून कोळंबी सोलतात. २०१७ च्या अखेरीस तिथल्या गोदामात मोठं कलाप्रदर्शन भरलं, कोळी स्त्री-पुरुषांचे प्रचंड चेहरे भिंतींवर चढले. २०२२-२३ मध्ये पुन्हा एक महोत्सव. निदान धंदा चालू असलेल्या जागी ही मंडळी गेली, याचं श्रेय मी देतो. पण तिथे आलेल्या किती प्रेक्षकांनी भिंतीवरच्या कोळणीचा फोटो काढला आणि खाली बसलेल्या कोळणीला ओलांडून ते पुढे गेले? भिंतीवरची कोळीण वास मारत नाही. मासळीचा भाव सांगत नाही. ‘‘सर की बाजूला,’’ असंही म्हणत नाही. प्रदर्शन दोन महिन्यांत आवरलं. फरशी अजून ओलीच आहे.

कुणी म्हणेल, याला कलेचंच वावडं आहे. उलट आहे. कारखाना चालू असताना त्याच्याकडे बघणारे कलावंत आपल्याकडे होऊन गेले आहेत, आणि म्हणूनच मला या उशिरा येणाऱ्यांची चीड येते. नारायण सुर्वे गिरणगावात वाढले, गिरणीत राबले आणि तिथूनच लिहिते झाले. अण्णा भाऊ साठे गिरणीत होते. सुधीर पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत होते आणि गाडीतला, पुलावरचा, गिरणीतून सुटलेला माणूस रंगवत होते. माणूस समोर होता तेव्हा. त्यांना रिकामा हॉल लागला नाही. जयंत पवारांचं ‘अधांतर’ नाटक आलं तेव्हा संपाने उद्ध्वस्त केलेली घरं अजून त्याच चाळींत राहत होती. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बसवून त्यांचं बोलणं टिपलं आणि त्याचं पुस्तक केलं. यातल्या कुणाच्या कामाला पस्तीस मीटर उंची लागली?

कोचीकडे फक्त एक नजर. तिथलं बिएनाले १२-१२-२०१२ ला सुरू झालं. मुंबईत घडलेल्या बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन कलावंतांनी ते उभं केलं. अ‍ॅस्पिनवॉल हाउस हे काथ्या-मसाल्याच्या जुन्या पेढीचं आवार त्याचं मुख्य ठिकाण. देशाला अभिमान वाटावा असं काम आहे, यात शंका नाही. पण २०१८-१९ च्या आवृत्तीनंतर मांडणी उभारून देणाऱ्या ठेकेदारांनी पैसे थकल्याची जाहीर ओरड केली. आयोजकांना तो हिशेब मान्य नव्हता. कोण खरं, ते मी ठरवणार नाही. मला एवढंच दिसतं की भिंतींवर श्रमाचा गौरव लिहिलेला असतो आणि त्या भिंती उभ्या करणाऱ्याची मजुरी वादात अडकलेली असते. हमाल, सुतार, वेल्डर, रंगारी: महाकाय कलेचं महाकाय ओझं यांच्याच खांद्यावर असतं, आणि पाटीवर एकाचंच नाव असतं.

नीट केलेलं कामही आहे, ते सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला डॉमिनो साखर कारखाना पाडायला काढला तेव्हा, २०१४ मध्ये, कारा वॉकर यांनी त्यात साखरेने मढवलेली कृष्णवर्णीय स्त्रीची प्रचंड मूर्ती बसवली. कामाच्या लांबलचक नावातच त्यांनी लिहून टाकलं की हे उसाच्या मळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत बिनपगारी आणि अतिश्रमात राबलेल्या कारागिरांना वंदन आहे. आकाराला कारण होतं, साखरेला कारण होतं, जागेला कारण होतं. तरी पाहुण्यांपैकी काहींनी त्या मूर्तीच्या अंगाशी अचकट-विचकट चाळे करत फोटो काढलेच, आणि नंतर त्या जागी टॉवर आले. कलावंत शहाणा असला तरी पंगत तीच. जर्मनीत एसेनला त्सोलफराइन खाण आहे. कोळसा काढणं १९८६ मध्ये थांबलं, २००१ पासून ती जागतिक वारसा आहे. तिथे यंत्रं जागेवर ठेवली आणि जुन्या खाणकामगारांना पाहुण्यांचे वाटाडे केलं. काय कुठून जायचं, कुठे माणूस मेला, हे तो माणूस सांगतो. यापुढे टांगलेल्या कापडाची काय मातब्बरी?

आता आमच्या गावची कथा. २०१८ मध्ये रेल्वेने स्थानक सुशोभीकरणाची देशभर स्पर्धा घेतली आणि बल्लारशाह व चंद्रपूर या दोन स्थानकांना मिळून पहिलं बक्षीस दिलं. मधुबनी आणि मदुराई आमच्या मागे. ताडोबाचे वाघ, रानगवे, पक्षी, आदिवासी चित्रं. भिंती खरोखर देखण्या झाल्या. ज्यांनी रंगवलं त्यांना माझा मानाचा नमस्कार. गावाला अभिमान वाटला, मलाही वाटला.

२७ नोव्हेंबर २०२२ ला, रविवारी, त्याच बल्लारशाह स्थानकावर पादचारी पुलाच्या स्लॅबचा भाग कोसळला. माणसं रुळांवर पडली. एक महिला गेली, डझनभर जखमी झाले. २००७ मध्ये डोरिस साल्सेदो यांनी टर्बाइन हॉलच्या फरशीत १६७ मीटर लांबीची भेग पाडली होती. वर्णभेदाने समाजात पडलेली दरी दाखवायला. काम जबरदस्त होतं. त्यात पाय अडकून काहीजण धडपडले, त्याच्या बातम्या झाल्या, लोकांना सावधगिरीची पत्रकं वाटली गेली. आमच्या पुलाखालून जाणाऱ्याला पत्रक कुणी दिलं? भिंत रंगवायला निविदा निघते, स्पर्धा होते, मंत्री येतात, फीत कापतात. स्लॅब ठोकून बघायला कुणी हातोडी घेऊन येत नाही, कारण त्याला बक्षीस नाही.

आणि वाघ! फेब्रुवारी २०२२ मध्ये महाऔष्णिक केंद्राच्या आवारात, पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराला वाघाने मारलं. झुडपं माजलेली, अंधार, आणि माणूस एकटा. स्थानकावरच्या वाघाला रंगाचे किती हात दिले ते मोजता येतं. त्या रस्त्यावर दिवे किती होते, ते कुणी मोजलं होतं?

म्हणून मला ठाऊक आहे की उद्या आमच्या मिलमध्ये किंवा बंद संचांत ही मंडळी आली तर काय करतील. पहिलं काम बांबूचं असेल. हजारो बांबू दोरांनी टांगतील, खालून प्रकाश सोडतील, आणि पाटीवर ‘जंगल आणि यंत्र यांचा संवाद’ असं लिहितील. संवाद कसला? गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं सरकारी ठेक्यावर मिलला गेला आणि ज्यांच्या जंगलातून तो गेला त्या गोंड-माडियांच्या हाती तोडणीची मजुरी तेवढी राहिली. बांबू आमचा, तो विकायचा हक्क आमचा, हे वनहक्क कायद्याच्या आधाराने धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने लढून मिळवलं. २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले आणि बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती दिला. देशात हे पहिल्यांदा घडलं. हे टांगलेल्या बांबूंत दिसेल का? नाही दिसणार. परवान्याचा कागद छताला टांगून भव्य होत नाही. त्यासाठी वाचावं लागतं, गावात जाऊन बसावं लागतं, ग्रामसभेचं चार-चार तास चालणारं बोलणं ऐकावं लागतं.

दुसरं काम राखेचं असेल. पांढऱ्या खोलीत राखेचा ढीग, वर एकच दिवा. ती राख आमच्या शेतात, नदीत आणि पोरांच्या छातीत आधीच मांडलेली आहे, तिच्यासाठी क्युरेटर नेमावा लागला नाही.

आणि तिसरं काम आवाजाचं. अंधाऱ्या हॉलमध्ये जुना भोंगा ध्वनिमुद्रित करून वाजवतील, आणि नागपूरहून-मुंबईहून आलेली माणसं डोळे मिटून ऐकतील. त्याच भोंग्यावर उठून, डबा बांधून, कामाला गेलेला माणूस बाहेर तिकीटखिडकीपाशी सुरक्षारक्षकाच्या गणवेशात उभा असेल. हे मी कल्पनेने रंगवत नाही. मॉल झालेल्या गिरण्यांच्या दारात गिरणी कामगारांची पोरं रखवालदार म्हणून उभी राहिलेली मुंबईने पाहिली आहेत. नागपूरच्या एम्प्रेस मिलचं काय झालं? १८७७ मध्ये टाटांनी सुरू केलेली मिल. २००२ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मॉल उभा राहिला. अचलपूरची फिनले मिल कोविडच्या टाळेबंदीत थांबली आणि कामगार तेव्हापासून ती सुरू करा म्हणून ओरडत राहिले. विदर्भात अशा जागांची वाण नाही. वाण आहे ती कामगार फाटकाबाहेर बसलेला असताना तिथे जाणाऱ्या कलावंताची.

माझं मागणं साधं आहे आणि त्यात तडजोड नाही. जिथे कामगारांची देणी थकलेली आहेत त्या इमारतीत एकही शिल्प उभं राहू नये. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, वारसांची घरं, सगळं आधी. देणी चुकती झाल्याचं कामगारांनी सही करून सांगितलं की मग मांडा काय मांडायचं ते. पाटीवर कलावंताच्या नावाआधी हजेरीपटातली नावं यावीत: पर्मनंट, बदली, ठेकेदारीवरचे, सगळे. जागा कमी पडते म्हणाल? पस्तीस मीटर उंच भिंत आहे ना तुमच्याकडे.

आणि धमक असेल तर रिकाम्या हॉलची वाट बघत बसू नका. आत्ता या. मिल चालू असताना या, चिपर हाउसच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, लगद्याच्या वासात, लावा तुमचं काम. तिथे भव्यता आयती मिळणार नाही. शेजारचं यंत्र तुमच्याहून मोठं असेल आणि त्यातून कागद निघत असेल. दुसरी पाळी करून रात्री घरी निघालेल्या माणसाला थांबवा आणि विचारा, कसं वाटलं. तो जे बोलेल ते, त्याच्याच शब्दांत, एक अक्षर न गाळता, तुमच्या कॅटलॉगच्या पहिल्या पानावर छापा. कागद आमच्या मिलचा घ्या. रोख पैसे देऊन.